'ऑपोझिशन' म्हणजे विरोधच ना? अर्थ, समानार्थी शब्द आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत मी इंग्रजीचे वर्ग घेते. दुपारी दहावीची मुलं, मग स्पर्धा परीक्षेवाली आणि सातच्या बॅचला दुकान बंद करून किंवा बागेतून परस्पर येणारी मोठी माणसं. 'ऑपोझिशन' हा शब्द तिन्ही बॅचना छळतो, प्रत्येकीला वेगळ्या तऱ्हेने. फळ्यावर पुन्हा पुन्हा तेच लिहून खडू संपले, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते.

ऑपोझिशनचा अर्थ एका शब्दात सांगा. परीक्षेत तेवढंच लागतं.

विरोध. परीक्षेपुरतं झालं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

वाचणार असाल तर शब्द उघडून बघू. लॅटिनमध्ये 'ऑब' म्हणजे समोर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. एखादी गोष्ट दुसरीच्या समोर मांडली की झालं ऑपोझिशन. त्यात भांडण असलंच पाहिजे असं नाही. आपला 'विरोध' मात्र संस्कृतातल्या 'रुध्' धातूतून आला. रुध् म्हणजे अडवणे, कोंडणे. अवरोध, प्रतिरोध, गतिरोधक, 'विरुद्ध' हे सगळे त्याच घरातले. थोडक्यात, इंग्रजी शब्द नुसता समोर उभा राहतो आणि मराठी शब्द वाट अडवतो. पुढच्या निम्म्या प्रश्नांचा गुंता याच फरकातून झालेला आहे.

'ऑपोझिट' म्हणजे 'विरुद्ध' ना?

शब्दकोशात आहे, रस्त्यावर नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने दुकानाच्या पत्रिकेचा मजकूर फोनवर मराठीत करून आणला होता. 'उद्घाटन समारंभ, एसटी स्टँडच्या विरुद्ध.' वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, स्टँड हलवायचं आंदोलन दिसतंय. आपण म्हणतो 'स्टँडसमोर'. साताऱ्यात पोवई नाक्यावर उतरून कुणालाही विचारा, तो 'समोरच्या बाजूला' म्हणेल, 'विरुद्ध बाजूला' म्हणणारा एखादाच.

'विरुद्ध दिशेला' चालतं, 'विरुद्धार्थी शब्द' चालतं. वाहनचालक 'विरुद्ध दिशेने' आला की दंड होतो, तेही बरोबर. घर, दुकान, देऊळ, माणूस यांच्यासाठी मात्र 'समोर'. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे, म्हणून खरं तर हे भाषांतर 'विरुद्ध'पेक्षा जास्त अचूक आहे.

समानार्थी शब्द कोणते? यादी द्या.

यादी देते, पण पाठ करू नका. रेझिस्टन्स, प्रोटेस्ट, ऑब्जेक्शन, डिसेंट, डिफायन्स, अँटॅगोनिझम, होस्टिलिटी, ऑब्स्ट्रक्शन. पुस्तकात हे सगळे 'विरोध' या एकाच शब्दासमोर रांगेने उभे केलेले असतात आणि तिथेच मुलं फसतात.

मी वर्गात एक प्रसंग देते. गावाशेजारून रस्ता जाणार आहे. एक जण ग्रामसभेत उठून म्हणाला, 'मला पटत नाही.' हा डिसेंट, म्हणजे मतभेद किंवा असहमती. दुसऱ्याने कार्यालयात लेखी अर्ज दिला. ते ऑब्जेक्शन, हरकत. तिसऱ्याने काळी फीत लावली, चार लोक जमवून घोषणा दिल्या. तो प्रोटेस्ट, निषेध. चौथा मोजणीदार आले तेव्हा जागचा हलला नाही. ते रेझिस्टन्स, प्रतिकार. पाचव्याने हद्दीच्या खुणा रात्रीत उपटल्या, ते ऑब्स्ट्रक्शन, अडथळा आणणे. सहाव्याला नोटीस आली आणि त्याने ती फाडून फेकली. ते डिफायन्स. याला मराठीत नाम शोधत बसू नका, क्रियापद घ्या: न जुमानणे, झुगारणे, धुडकावणे. सातव्याचं रस्त्याशी काहीच देणंघेणं नाही, रस्ता ज्याने मंजूर करून आणला त्याचं तोंड त्याला बघवत नाही. ती होस्टिलिटी, वैर.

सातही जण ऑपोझिशनमध्ये आहेत. सातही जणांसाठी बातमीत 'ग्रामस्थांचा विरोध' एवढंच छापून येतं.

अँटॅगोनिझम राहिलं.

त्यासाठी तालमीत जावं लागेल. ग्रीक भाषेत 'अगोन' म्हणजे स्पर्धा, झुंज. अँटॅगोनिस्ट म्हणजे झुंजीत जो आपल्या समोर येतो तो. आपल्याकडे कुस्तीच्या फडात 'समोरचा' एवढंच म्हणतात. 'समोरचा ढाक मारणार बघ.' इतका नेमका शब्द हिंदकेसरी मारुती मान्यांच्या कवठेपिरानच्या शेजारी राहणाऱ्यांना शिकवावा लागू नये.

कथा-सिनेमात अँटॅगोनिस्ट म्हणजे खलनायक असं मुलं लिहितात. नेहमी तसं नसतं. नायकाच्या आड येणारा माणूस भलाही असू शकतो, त्याला 'प्रतिनायक' म्हणावं. जीवशास्त्रात हाच शब्द स्नायूंना लावतात. दंडाच्या पुढचा स्नायू आवळला की हात दुमडतो, मागचा आवळला की हात सरळ होतो. एक ओढतो तेव्हा दुसरा ढिला पडतो, आणि दोन्ही असल्याशिवाय हात कामाचा नाही. या जोडीत वैर कुठलं?

ऑब्जेक्शनला हरकत म्हणायचं, आक्षेप म्हणायचं की तक्रार?

तिन्ही शब्दांच्या जागा ठरलेल्या आहेत. कागदावर, कार्यालयात, मुदतीत घ्यायची ती हरकत. विचारावर, लेखावर, हिशेबावर घ्यायचा तो आक्षेप. आपलं काही बिघडलं, कुणी त्रास दिला, तर तक्रार.

मागच्या वर्षी वाळवा तालुक्यातले एक काका सातबाऱ्याच्या फेरफाराची नोटीस घेऊन आले. मुलगा बंगळूरला, सून तिकडचीच, तिला मराठी वाचता येत नाही. फोनमधल्या भाषांतराने 'हरकत असल्यास' याचं इंग्रजी 'इफ देअर इज मूव्हमेंट' असं केलं होतं. सून विचारत होती, जमीन सरकली की काय! फोनची चूक एवढीच की तो अरबीत शिरला. 'हरकत' अरबीत हालचाल. हिंदीत ती 'करामत, चाळा' झाली आणि मराठीत येता येता बरोबर उलटी फिरली, दुसऱ्याची हालचाल थांबवणारी झाली. 'तक्रार'चंही तसंच. मूळ अरबी अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे'. ज्याने एकदा तरी तक्रार अर्ज दिलाय त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

काकांना सांगितलं, सुनेला लिहा 'ऑब्जेक्शन', आणि घ्यायचीच असेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्या, पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. हे इंग्रजीच्या तासात बसत नाही, पण माणूस समोर बसला की सांगावं लागतं.

'आक्षेप' हा मात्र माझा आवडता. संस्कृत 'क्षिप्' म्हणजे फेकणे. इंग्रजी 'ऑब्जेक्शन'मध्येही लॅटिन 'याकेरे' आहे, त्याचाही अर्थ फेकणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढलं. कुणीतरी बोलत असतं आणि आपण मध्येच काहीतरी त्याच्यासमोर भिरकावतो.

ना हरकत दाखल्याला इंग्रजीत 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट' म्हणतात. 'नो ऑपोझिशन' लिहून आलेला एक अर्ज मी पाहिलाय.

कोर्टातल्या सिनेमात 'आपत्ती' म्हणतात ना?

हिंदी सिनेमात. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. आणि सांगलीत तर या शब्दाला पाण्याचाच वास आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली.

आमच्या गावभागातल्या मामींकडे एक मुलगी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन आली. फॉर्म हिंदीवरून घाईत मराठी केलेला. प्रश्न होता, 'आपले नाव यादीत घेण्यास आपल्याला काही आपत्ती आहे का?' मामींनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि २००५ चा पूर, २०१९ चा पूर, वरच्या माळ्यावर चढवलेला फ्रीज, वाहून गेलेली पुस्तकं सगळं सांगितलं. मुलीने रकान्यात काय लिहिलं कोण जाणे.

प्रोटेस्ट म्हणजे निषेध. मग रेल्वे स्टेशनवर 'प्रवेश निषेध' का लिहितात?

मिरज जंक्शनवरची ती पाटी हिंदी आहे. हिंदीत 'निषेध' म्हणजे मनाई. मराठीत निषेध म्हणजे झालेल्या गोष्टीबद्दल जाहीर नापसंती. मराठी डोळ्याने ती पाटी वाचली की रेल्वेने प्रवाशांच्या येण्याचा निषेध नोंदवलाय असं वाटतं. मराठीत लिहायचं तर 'प्रवेश बंद' किंवा 'आत येण्यास मनाई'.

प्रोटेस्टच्या पोटात लॅटिन 'टेस्तारी' आहे, साक्ष देणे. चारचौघांत उभं राहून 'माझं असं म्हणणं आहे' हे सांगणं. म्हणून घरात बसून केलेली चिडचिड प्रोटेस्ट नव्हे. त्याला साक्षीदार लागतात, निदान एक वार्ताहर तरी.

निषेधाच्या प्रकारांत आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, हे मी अभिमानाने नाही, वैतागाने सांगते, कारण भाषांतर करताना घाम फुटतो. धरणे, ठिय्या, घेराव, रास्ता रोको, चक्का जाम, बोंबाबोंब, लाक्षणिक उपोषण, साखळी उपोषण. ठिय्याला 'सिट-इन' म्हणता येतं, पण ठिय्यातला तो हट्ट 'सिट-इन'मध्ये उतरत नाही. धरणे आणि घेराव हे शब्द तर इंग्रजीनेच उचलून आपल्या कोशात ठेवले. उसाच्या दरासाठी गाड्या अडवल्या की 'ऊस वाहतूक रोखली' असं आपण म्हणतो. इथे मात्र प्रोटेस्ट आणि ऑब्स्ट्रक्शन यांच्यातली रेघ पुसट होते, आणि पोलिसांच्या कागदात एक शब्द येतो, आंदोलकांच्या पत्रकात दुसरा.

रेझिस्टन्सला प्रतिकार, प्रतिरोध, रोध यांतलं काय?

विज्ञानाच्या पुस्तकात तारेतून वीज जाताना होतो तो 'रोध', ओहममध्ये मोजतात. माणसाने केला तर प्रतिकार. शरीराची ती रोगप्रतिकारशक्ती. जंतूंनी औषधाला केला तर पुस्तकी भाषेत प्रतिरोध.

पण सगळ्यात चांगलं भाषांतर मला तासगावच्या एका बागाईतदाराने दिलं. सातच्या बॅचला येतात, मुलाच्या निर्यातीच्या कामासाठी इंग्रजी शिकतायत. त्यांना औषधाच्या बाटलीवरच्या माहितीपत्रकातलं 'रेझिस्टन्स मॅनेजमेंट' कळत नव्हतं. मी 'प्रतिरोध व्यवस्थापन' सांगितलं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग मी समजावलं की एकच औषध सारखं मारत राहिलं की काही बुरशी त्यातूनही वाचते, तिचीच पिढी वाढते आणि मग औषध चालत नाही. 'असं होय!' ते म्हणाले. 'द्राक्षावरची डाऊनी बुरशी दाद देईना, असं सांगा की. म्हणून तर एक फवारणी झाली की पुढची दुसऱ्या गटातल्या औषधाची घ्यायची.'

दाद न देणे. इतकी वर्षं हे माझ्या जिभेवर होतं आणि सुचलं नव्हतं. 'हा ताप औषधाला दाद देत नाही', 'पोरगं कुणाला दाद देत नाही'. रेझिस्टन्सचा मूळ लॅटिन अर्थ पाय रोवून उभं राहणे, आणि दाद न देण्यातही तेच आहे. अंगावर येऊन काही करायचं नाही, फक्त बधायचं नाही.

घड्याळावरच्या 'वॉटर रेझिस्टंट'ला जलरोधक म्हणतात, पण 'वॉटरप्रूफ'लाही तोच शब्द. दुकानदारांच्या सोयीचा घोटाळा आहे. पहिलं पाण्याला काही वेळ टिकतं, दुसरं टिकण्याची हमी देतं.

ऑपोझ अगेन्स्ट की ऑपोझ टु?

यातलं एकही नाही. वहीत हमखास सापडणारं वाक्य: 'माय अंकल ऑपोझ्ड अगेन्स्ट द फॅक्टरी.' मराठीत आपण 'कारखान्याच्या विरुद्ध', 'कारखान्याला' असं म्हणतो, म्हणून इंग्रजीतही काहीतरी चिकटवावंसं वाटतं. ऑपोझला थेट कर्म लागतं: 'माय अंकल ऑपोझ्ड द फॅक्टरी.' रेझिस्टचंही तसंच. ऑब्जेक्टला मात्र 'टु' लागतो, प्रोटेस्ट आणि रेबेलला 'अगेन्स्ट', डिसेंटला 'फ्रॉम'.

'ऑपोझ्ड टु' दिसतं ते विशेषण असतं, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं. 'शी इज ऑपोझ्ड टु सेलिंग द लँड.' 'टु सेल' नव्हे. स्पर्धा परीक्षेत चूक शोधा म्हणून येणारं हे आवडतं वाक्य आहे.

मराठीतही शब्दागणिक विभक्ती बदलते, फक्त आपल्याला ती आपोआप येते म्हणून लक्षात येत नाही. ठरावाला विरोध, ठरावाला हरकत, ठरावावर आक्षेप, ठरावाचा निषेध, अन्यायाचा प्रतिकार, सत्तेविरुद्ध बंड, भावाशी मतभेद. 'ठरावाचा विरोध' हे हिंदीचं सरळ उचललेलं आहे आणि वर्तमानपत्रांतही घुसलंय. मी अजून लाल शाईने खोडते.

विरोधी पक्ष म्हणजेच ऑपोझिशन, पण 'द ऑपोझिशन' असं का लिहितात?

'द' लावलं की ती वृत्ती राहत नाही, संस्था होते. १८२६ साली ब्रिटिश संसदेत जॉन हॉबहाऊस यांनी 'हिज मॅजेस्टीज ऑपोझिशन' असे शब्द वापरले. राजाचं सरकार असतं, तर राजाचा विरोधी पक्षही असायला हवा, ही कल्पना तेव्हा लोकांना विनोदी वाटली. पुढे तीच रीत झाली.

आपल्याकडे लोकसभेत विरोधी पक्षनेता म्हणून पहिली मान्यता मिळाली १९६९ मध्ये राम सुभग सिंह यांना. या पदाच्या वेतन-भत्त्यांचा कायदा झाला १९७७ मध्ये, आणि त्या वेळी त्या खुर्चीवर होते यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कऱ्हाडात वाढलेले, साताऱ्याचे खासदार. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री राहिलेला माणूस समोरच्या बाकावर बसला. मुलांना ऑपोझिशनचा मूळ अर्थ सांगताना मी हेच उदाहरण घेते, कारण सभागृहात विरोधी पक्ष शब्दशः समोर बसतो.

बाक रिकामाही राहू शकतो. १९८० ते १९८९ आणि नंतर २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. सभागृहाच्या एक दशांश जागा हव्यात असा संकेत आहे, ५४३ मध्ये ५५. ऑपोझिशन म्हणजे विरोध करणारे सगळे, आणि 'लीडर ऑफ द ऑपोझिशन' म्हणजे मान्यता मिळालेला एक जण. पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

मग साताऱ्याचं प्रतिसरकार ही ऑपोझिशन होती का?

हा प्रश्न कुंडलच्या एका मुलीने विचारला आणि मला आठवडाभर पुरला. उत्तर: नाही. इंग्रजीत त्याला 'पॅरलल गव्हर्नमेंट' म्हणतात.

'प्रति'चे दोन अर्थ आहेत. एक विरुद्ध, जसं प्रतिकार, प्रतिपक्ष. दुसरा तसाच, तोडीचा, जसं प्रतिबिंब, प्रतिकृती, प्रतिपंढरपूर. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात जे चालवलं त्यात दोन्ही अर्थ होते. इंग्रजांविरुद्ध तर ते होतंच, पण नुसतं विरुद्ध नव्हतं. गावोगाव न्यायदान होतं, तुफान सेना होती, कमी खर्चातली गांधी लग्नं होती. समोर उभं राहून नको म्हणण्यापेक्षा शेजारी स्वतःचं घर बांधावं तसं. १९३० चा बिळाशीचा जंगल सत्याग्रह हा डिफायन्स, कायदा उघडपणे मोडणं. प्रतिसरकार त्याच्या पुढचं.

लोकांनी त्याचं 'पत्री सरकार' केलं. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. गावगुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर शिक्षा व्हायची, त्यावरून हे नाव पडल्याचं जुनी माणसं सांगतात. पंडितांचा उपसर्ग लोकांनी लोहाराच्या दुकानात नेला.

आणखी एक. हा इतिहास साताऱ्याचा म्हणून लिहितात आणि सांगलीची मुलं नाराज होतात. येडेमच्छिंद्र, कुंडल, वाळवा आज सांगली जिल्ह्यात आहेत. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. दोघांनी वाटून घ्या.

नाना पाटील पुढे १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. तेव्हा मात्र ते खरोखर ऑपोझिशनमध्ये बसले.

'बिनविरोध'ला इंग्रजीत काय?

अनऑपोझ्ड, किंवा अनकंटेस्टेड. 'विदाउट ऑपोझिशन' व्याकरणाने बरोबर, पण अर्थ वेगळा. तो म्हणजे कुणी हरकत घेतली नाही. आपल्याकडच्या सोसायटीची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होते तेव्हा विरोध नसतो असं कोण म्हणेल? अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कुणाच्या तरी ओट्यावर बैठक चाललेली असते, दोघातिघांची समजूत काढलेली असते, पुढच्या वेळचा शब्द दिलेला असतो. विरोध असतो, उमेदवार नसतो.

'एकमताने' हे त्याहून वेगळं, ते 'युनॅनिमस'.

बुद्धिबळात ऑपोझिशन कुठून आलं?

सांगलीत हा प्रश्न येणारच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेलं हे बुद्धिबळाचं गाव, इथली लहान मुलं मला शिकवून जातात. डावाच्या शेवटी पटावर राजे आणि एखाददुसरं प्यादं उरतं. दोन राजे एकाच ओळीत समोरासमोर, मध्ये एक घर रिकामं. आता ज्याची खेळी असेल त्याला बाजूला व्हावं लागतं, कारण पुढे जाता येत नाही. ज्याची खेळी नाही त्याच्याकडे 'ऑपोझिशन' आहे असं म्हणतात. काही न करता नुसता समोर उभा राहून तो वाट मिळवतो. मुलं बोलताना 'ऑपोझिशन घेतली' असंच म्हणतात. त्याला 'विरोध घेतला' करायला जाऊ नका, हसतील.

मंगळ ऑपोझिशनमध्ये आहे म्हणजे कुणाच्या विरोधात?

कुणाच्याच नाही. पृथ्वीवरून पाहताना सूर्य एका बाजूला आणि मंगळ बरोबर समोरच्या बाजूला आला की ऑपोझिशन, मराठीत प्रतियुती. त्या काळात मंगळ सूर्यास्ताला उगवतो, मध्यरात्री डोक्यावर येतो आणि पृथ्वीच्या जवळ असल्याने ठसठशीत दिसतो. साधारण २६ महिन्यांनी हे घडतं. जानेवारी २०२५ मध्ये झालं, पुढचं फेब्रुवारी २०२७ मध्ये. बुध आणि शुक्र आपल्यापेक्षा सूर्याच्या जवळ फिरतात, त्यांची प्रतियुती कधीच होत नाही. पौर्णिमेचा चंद्र तर दर महिन्याला सूर्याच्या समोर असतो, त्याला आपण विरोधक म्हणत नाही.

व्याकरणात 'नाऊन इन ऑपोझिशन' असतं ना?

'अॅपोझिशन'. ऑ नव्हे, अॅ. एका नामाशेजारी तीच व्यक्ती दाखवणारं दुसरं नाम ठेवणं, मराठीत समानाधिकरण. 'नाना पाटील, प्रतिसरकारचे नेते, येडेमच्छिंद्रचे.' ऑपोझिशनमध्ये समोर ठेवणं, अॅपोझिशनमध्ये शेजारी ठेवणं. दरवर्षी निदान दहा वह्यांत ही चूक सापडते.

उच्चाराचंही इथेच सांगते. ऑपोझिशनमध्ये जोर 'झि'वर. ऑपोझिटमध्ये जोर पहिल्या 'ऑ'वर. आणि क्रियापद 'अपोझ', तिथे सुरुवातीचा स्वर अगदी हलका.

विरुद्धार्थी शब्द?

सपोर्ट. पाठिंबा, समर्थन. सभेत ठराव मांडला की सूचक आणि अनुमोदक लागतात, तिथे अनुमोदन म्हणजे 'सेकंडिंग'. दुजोरा म्हणजे पाठिंबा नव्हे, एखादी बातमी खरी असल्याचं सांगणं. हे दोन वर्तमानपत्रांतही सर्रास मिसळतात.

बोलीतले, घरातले शब्द इंग्रजीत कसे आणायचे?

बरेचसे येत नाहीत, आणि येऊ नयेत असंच मला वाटतं. खोडा घालणे, पाचर मारणे, खीळ घालणे, मोडता घालणे या सगळ्यांसाठी इंग्रजीत 'ऑब्स्ट्रक्ट' लिहून मोकळं व्हावं लागतं. पण खोडा म्हणजे कैद्याच्या पायात अडकवायचा लाकडी ओंडका, पाचर म्हणजे फटीत ठोकलेला तुकडा. एकाने चालणं थांबतं, दुसऱ्याने जोडलेलं फाटतं. सोयरिकीत 'पाचर मारली' म्हणतात, 'खोडा घातला' क्वचितच, आणि त्यामागे कारण आहे.

नन्नाचा पाढा लावणे हे ऑपोझिशन नव्हे, तो स्वभाव. शड्डू ठोकणे, दंड थोपटणे म्हणजे 'टु चॅलेंज', विरोधाच्या आधीची पायरी. उभा दावा म्हणजे पिढीजात वैर, 'फ्यूड'. भाऊबंदकीलाही लोक फ्यूड लिहितात. मी वर्गात मान्य करते, पण मनातून नाही, कारण भाऊबंदकीत बांध असतो, विहिरीतला हिस्सा असतो आणि दिवाळीला एकमेकांकडे फराळाचं ताटही जातं.

छत्तीसचा आकडा ज्यांना इंग्रजीत समजावायचाय त्यांनी कागदावर ३६ लिहून दाखवावं. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे. मग ६३ लिहावं, दोघं समोरासमोर. लॅटिनच्या हिशेबाने खरी ऑपोझिशन त्रेसष्टमध्ये आहे. हे मी एकदा सातच्या बॅचला सांगितलं तर तासगावचे ते बागाईतदार म्हणाले, 'बाई, आमच्या चुलत्याचं आणि आमचं त्रेसष्टच आहे म्हणजे. रोज समोर येतोय, रोज भांडतोय.'